तुळशीजवळचा तुकडा

कॅसेटला बुरशी लागते हे मला माहीत नव्हतं. लोणच्याला लागते, चपलेला लागते, फौजेत असताना आसामच्या पावसात माझ्या पट्ट्याला लागलेली मी बघितली आहे. पण लग्नाच्या कॅसेटला लागावी? ट्रंक उघडली, तिची लुगडी बाजूला केली, तर तळाशी ती होती. जुन्या परकराच्या फडक्यात गुंडाळून तिनं वर कडुलिंबाचा पाला घातला होता. पाल्याचा भुगा झाला होता. कॅसेटच्या काचेतून आत बघितलं, तर काळ्या फितीवर पांढरे ठिपके, राख भुरभुरल्यासारखे.

बायको जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. ट्रंक उघडायला मला तेवढे दिवस लागले.

मी चौथी शिकलेला माणूस. फौजेत ट्रक चालवला आणि पेन्शन घेऊन कडेगावच्या बाजूला आमच्या गावी आलो. शिपाई म्हणून गेलो, शिपाई म्हणूनच आलो, पण गाव मला मेजर म्हणतं. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग त्यानं तिथं बटाटे का सोलले असेनात.

नोकरीत असताना वर्षातले दोन महिने छुट्टी. बाकीचे दहा महिने ती घरात एकटी. पुढं लेक झाली, मग दोघी. मला वाटायचं, एकटं राहणं आपल्याला येतं, सगळी नोकरी तशीच केली की. पण बराकीतलं एकटेपण निराळं. तिथं चाळीस माणसं घोरत असतात. इथं मी खोकलो तर तो खोकला घरभर फिरून माझ्याकडंच परत येतो. भाकरी मला थापता येते, कोरड्यास करता येतं, त्याचं काही अडलं नाही. कधीकधी मात्र दुकानात काडेपेटी मागताना घसा बसल्यासारखा वाटायचा. मग ध्यानात यायचं, काल सकाळपासून आपण कुणाशी बोललोच नाही.

आम्हाला एकच लेक. ती साताऱ्याला दिली. दुकानातल्या फोनवर तिचा फोन यायचा. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं ती म्हणाली, "आबा, माझ्या लग्नाची कॅसेट हाय का बघा ट्रंकेत. ह्यांनी सीडीचं मशीन घेतलंय. सीडी करून घ्या. समदी पावणं गोळा हुणार, तवा दावू. तेवढीच आई सगळ्यांना दिसंल."

तिचं म्हणणं खरं होतं. बायकोचा धड फोटो घरात नव्हता. रेशनकार्डावर एक होता, त्यात ती कुणीही असू शकली असती. म्हणून ट्रंक उघडली आणि बुरशी बघितली.

सांगलीला हळदीच्या पेठेजवळ एका माडीवर स्टुडिओ होता. मालक ओळखीचा. लेकीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. तेव्हा तो काडीसारखा होता आणि खांद्यावर मशीन घेऊन बोळकांडातून पळायचा. आता पोट सुटलं होतं. शूटिंगला माणसं ठेवली होती आणि स्वतः कॉम्प्युटरपुढं बसायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. देवळात काढतात तशा मी काढल्या.

त्यानं कॅसेट उजेडाला धरली. "मेजर, ही कुठं ठेवली व्हती? विहिरीत?"

"ट्रंकेत."

"आन ट्रंक? विहिरीत?"

मला राग आला, पण त्यानं पुढं जे केलं ते बघून गेला. कॅसेटचे स्क्रू काढले, फीत अलगद दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली आणि मऊ कापडावर कसलंसं स्पिरिट घेऊन हातानं गुंडाळत गुंडाळत ती पुसत बसला. बाई केस विंचरते तसा. पुसून झाल्यावर म्हणाला, "एकदा चालंल. नशीब असलं तर दोनदा. तिसऱ्यांदा मी शब्द देत न्हाई. आन एका सीडीवर मावतं तासापेक्षा जरा जास्त. तुमचं लगीन तीन तासांचं."

"मग तीन सीड्या कर."

"करतो. माझं काय जातंय? पण लोकं पैली बघत्यात, दुसरी लावली की च्याला उठत्यात, आन तिसरी लावायला कोण नसतं. मी रोज बघतोय. एकच करा, चांगली करा. नको ते कापायचं."

"कापणार कशानं?"

"सॉफ्टवेअरनं."

"ते काय असतं?"

"तुमी डायवर व्हता न्हवं? मग हे मशीन म्हंजे ट्रक. सॉफ्टवेअर म्हंजे डायवर."

"आन तू रं?"

"मी किलिनर," तो म्हणाला. "दरवाजा वाजवायचा आन जाऊ द्या म्हणायचं."

त्याच्याकडं तेव्हा दोन डायवर होते. कुठला कायमचा ठेवायचा ते त्याचं ठरलं नव्हतं. माझं काम अंगावर आलंय तर दोन्ही चालवून बघू, असं त्याच्या मनात असावं. मला त्यानं दोन्ही दाखवले. पहिला नटवा होता. कुणाच्या तरी बारशाची चित्रं लावून त्यानं दाखवलं. पान उलटावं तसं चित्र उलटायचं, मध्येच बदाम उमलायचा, त्यातून बाळ बाहेर यायचं. वरून पाकळ्या पडायच्या. झेंडूचा हार होता, तो पाहिजे त्याच्या तोंडाभोवती बसवता यायचा. अजून पैसे भरले नव्हते म्हणून ते सॉफ्टवेअर चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव छापत होतं. "विकत घेतलं की ते जाईल," तो म्हणाला. दुसरा डायवर कॉम्प्युटरच्या कार्डाबरोबर डब्यात आपसूक आला होता. त्याला तीनच कामं येत होती. कापणं, जोडणं आणि सीडीवर उतरवणं.

"पैला घ्या," तो म्हणाला. "समदी तोच मागत्यात. दुसरा म्हंजे मुका बैल."

मी विचारलं, "कापल्यावर उरलेलं कुठं जातं?"

"कुठंच जात न्हाई. मशीनमधीच ऱ्हातं. नुसतं दावू नको म्हणून सांगायचं त्येला."

"आन नंतर?"

"नंतर पुसायचं. लय जागा खातंय मेजर. तुमचं पुसल्याबिगर दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवू कुठं?"

म्हणजे कॅसेट एकदाच चालणार, मशीनमधलं पुसलं जाणार, आणि त्या एका सीडीवर जे राहील तेवढंच राहणार. हे मला चौथी शिकून कळलं. परतीच्या एसटीत मी हिशेब करत बसलो, की त्या तीन तासांत ती आहे कुठं?

नवरीची आई लग्नात दिसत नाही. आमच्याकडची रीतच तशी आहे. अष्टकं लागली की नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही, मागं जाऊन तुळशीला पाणी घालायचं. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. का, ते मला माहीत नाही. बाईचा जीव राहत नाही म्हणून असेल. अष्टकं संपेस्तोवर पाण्याची धार चालू ठेवायची, एवढं खरं. आणि नंतर ती जेवणाकडं. त्यामुळं सगळी कॅसेट माणसांनी भरलेली, आणि ती एखाद्या ठिकाणी पाठमोरी, एखाद्या ठिकाणी नुसता पदर.

नीट अशी ती एकाच ठिकाणी होती, आणि ते माझ्यामुळं. अष्टकं सुरू व्हायच्या आधी मी शूटिंगवाल्याला हाताला धरून मागं परसात नेलं होतं. म्हटलं, हिचा एक घे. तिच्या हातात तांब्या होता. मशीनचा दिवा तिच्या तोंडावर पडला आणि मी ओरडलो, "हालू नगंस!" फौजेत ओळखपत्राचा फोटो काढताना हवालदार ओरडायचा, हिलना मत. तेच माझ्या तोंडी बसलेलं. मला तो फोटोच वाटत होता. तिलाही. ती हलली नाही.

लग्नानंतर भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणून अर्ध्या गावानं ती कॅसेट बघितली. ती जागा आली की सगळी हसायची. "मावशीचा पुतळा झाला!" म्हणायची. ती लाजायची. पदर तोंडाला लावून म्हणायची, "आवं, पुढं घ्या की ते." मग कुणीतरी बटण दाबायचं आणि ती सरकन जायची. दर वेळी तसंच. त्यामुळं तो तुकडा पुरता असा मीही कधी बघितला नव्हता, आणि लेकीनंही.

ठरल्या दिवशी लेक साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं थेट सांगलीला आली. मी आधीच जाऊन बसलो होतो. आम्ही दोघं स्टुलांवर बसलो, मालक खुर्चीवर, आणि कॅसेट चालू झाली. एकीकडं ती चालत होती, एकीकडं मशीनमध्ये भरत होती. तो म्हणाला, "आता कुणी खोकू नका." आम्ही खरंच खोकलो नाही.

सनई, हळद, वरात, सगळं आलं. मध्ये मध्ये चित्रावर पांढरे फराटे पडायचे, तेवढ्यात मालक देवाचं नाव घ्यायचा. मग आली टॉवेल-टोपी. ज्यांनी आमच्याकडची लग्नं बघितली नाहीत त्यांना सांगतो. दोन्ही बाजूंच्या एकेका पाहुण्याचं नाव भोंग्यावर पुकारतात. तो मांडवात येतो, कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, नमस्कार, पुढचा. हे लग्नापेक्षा जास्त वेळ चालतं. लग्नात भाताला मीठ नसलं तर माणूस विसरतो, पण पुकारायचा राहिला तर तीन पिढ्या विसरत नाही.

"हे समदं उडवू," मालक म्हणाला. "तास वाचतोय."

लेक स्टुलावरून उठलीच. "उडवू? ते पांढऱ्या मिशीचं दिसत्यात न्हवं, ते माझं चुलत सासरं. त्यास्नी उडवलं तर मी नांदू कुठं, तुमच्या स्टुडिओत?"

"मग त्यांना ठेवू."

"आन त्यांच्या मागचं त्यांचं साडू. आन ते दोघं भाऊ."

"ताई, अशानं फक्त नवरा-नवरीच कापायचं राहत्यात."

असं चाललं होतं, आणि तो तुकडा आला. परस. काव लावलेला तुळशीचा कट्टा. नव्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती. एका हातानं तांब्या उचललेला, अर्धा तिरका, पाणी अजून पडलेलं नाही. ती समोर बघत होती. या वेळी बटण दाबणारं कुणी नव्हतं. ती उभीच राहिली. एक कोंबडी तिच्या पायाजवळून चालत गेली. मागच्या दोरीवरचं धोतर हललं. तिच्या पदराचा काठ हलला. ती सोडून सगळं हललं. मग तिनं डोळे मिटून उघडले.

लेकीनं स्टूल पुढं ओढलं.

मालकानं मान हलवली. "भारी घावलं की मेजर. असा चेहरा कुठं मिळतोय? हितंच चित्र थांबवायचं, हार घालायचा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं, आन हे मागचं भोंग्याचं कालवाकालव काढून बासरी सोडायची." बोलता बोलता त्यानं पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. तिचं चित्र त्यात घेतलं आणि झेंडूचा हार वरून सरकत आला तो तिच्या तोंडाभोवती बसला. कोपऱ्यात सॉफ्टवेअरचं नाव.

"काढ," मी म्हणालो.

"नाव जाईल वो, विकत घेतल्यावर..."

"नाव न्हवं. हार काढ."

लेक म्हणाली, "आबा, असू द्या की. वर्षश्राद्धाला समदी घालत्यात. चांगला दिसतोय."

"मेलेल्या माणसाला घालत्यात. ही मेलीया का? आत्ता डोळं मिटलं तिनं, बघितलंस न्हवं?"

"मग आई मेली कुठं?" तिचा आवाज चढला.

"मिरजेच्या दवाखान्यात मेली. त्याची कॅसेट न्हाई. ही तुझ्या लग्नातली हाय. लग्नात उभ्या असलेल्या बाईला हार घालतीस व्हय गं?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला दिसत होतं. पण माझ्या तोंडाला ब्रेक नाही, तो कधीच नव्हता. ती म्हणाली, "तुमास्नी ती लग्नातली पायजे. मला पण पायजेच की! माझ्या लग्नात मी तिला बघितलीच न्हाई. पुढं अंतरपाट, मागं मामा. मी मान वळवून बघत व्हते तर मामानं डोकं धरून पुढं केलं. मला वाटायचं, आई मागं बसून रडत असंल. आता हार घालू दे म्हणलं तर ते बी नको. मग मी तिचं करू तरी काय?"

मालक दोघांच्या मध्ये अडकल्यासारखा कीबोर्डकडं बघत बसला. शेवटी तो म्हणाला, "कॅसेट अजून चालूय. आधी पुरतं बघू तरी."

हार गेला. ती परत तशीच उभी. आणि भोंग्यावर भटजीचा आवाज आला. पहिलं अष्टक. आवाज लांबून, भिंतीवर आपटून येत होता, शब्द कळत नव्हते, चाल कळत होती.

लेकीनं माझा दंड धरला. "आबा, ही माझीच अष्टकं?"

"मग कुणाची?"

चित्रात तिलाही ती ऐकू आली होती. मान हलली नाही, डोळे हलले. आधी तांब्याकडं गेले, मग तुळशीकडं, मग मशीनच्या जरा डावीकडं. तिथं मी उभा होतो. हात भरून आला होता, तांब्या थरथरत होता. अष्टक निम्मं झालं. तरी ती उभी. आणि मग ओठ न हलवता बोलावं तशी ती बोलली, "आवं, झालं का? अष्टकं लागली की! पाणी कवा घालू?"

त्यावर एक फाटका आवाज आला, "झालं, झालं!" तो माझा.

ती गर्रकन वळली आणि तांब्या तुळशीवर धरला. पाठमोरी. धार दिसली न दिसली, तोवर चित्र कोलमडलं. शूटिंगवाला मांडवाकडं पळत सुटला होता आणि मशीन बंद करायचं विसरला होता. जमीन, दगड, कुणाचं तरी पायताण, त्याच्या सपाता, आणि त्याच्यापुढं पळणारे काळे फौजी बूट. नवरीच्या बापाला अष्टकांना पुढं असावं लागतं.

मग लेकीच्या तोंडातून एकदम हसू फुटलं, रडता रडता. "आबा! म्हंजे पैलं अष्टक कोरडंच गेलं व्हय? तरीच म्हणलं, माझी सासू अशी कशी!"

मालक इतका हसला की खुर्ची मागं गेली. मीही हसलो. त्या वर्षात मी हसलो असेन तर तेव्हाच. लेक पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हार नको. हे समदं असंच घ्या. अष्टकांचा आवाज कमी करू नका."

"मग मुका बैलच जुंपतो," मालक म्हणाला. "त्येला सजवायला येत न्हाई, पण आहे ते बिघडवत बी न्हाई." पुढं तो कामाच्या आवाजात बोलायला लागला. "हा तुकडा शेवटाला लावतो, त्येच्यावरच सीडी संपती. आता सांगा, कापू कुठं? माझं ऐकाल तर ती बोलायच्या आधी कापा. तोंड समोर हाय, डोळं उघडं हायत. तिथं संपलं की ती तिथंच ऱ्हाती. पुढं पाठच दिसती, आन मग माझ्या सपाता."

या माणसानं आयुष्यभर लोकांची लग्नं कापली होती, त्याला कळत होतं तो काय म्हणतोय. तिथं कापलं असतं तर ती कधीच वळली नसती. माझ्याकडं बघत उभी राहिली असती, कायमची. मला ते पाहिजे होतं. खोटं कशाला लिहू, लय पाहिजे होतं. पण हात भरून आलेली बाई मी बघितली होती. तिचं सगळं लक्ष तुळशीकडं होतं, आणि तिला धरून ठेवलं होतं ते माझ्या एका शब्दानं.

"वळू दे तिला," मी म्हणालो. "पाणी घालू दे."

"मग निदान तुमचा आवाज काढतो. पत्रा फाटल्यागत येतोय."

"ऱ्हाऊ दे. तो काढलास तर ती कुणाच्या सांगण्यावरनं हालंल?"

"आन सपाता?"

"त्या बी ऱ्हाऊ देत."

मग जागा कमी पडली. सासरकडची एक टोपी काढू द्यायला लेक तयार नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडची काढा. माझे भाऊबंद, माझा मावसभाऊ, सगळ्यांच्या टोप्या उतरवल्या. तरी थोडं जास्तच होत होतं. मग व्याहीभेट काढायला सांगितली, त्यात मी आणि व्याही गळाभेट घेतो. मालकानं माझ्याकडं बघितलं. "मेजर, मग तुमी कुठंच उरत न्हाई."

"बूट हायत की."

कापून जोडून झालं, आणि मशीन ते सीडीसाठी शिजवायला लागलं. त्याला लय वेळ लागतो, आणि मध्येच वीज गेली. परत पहिल्यापासून. लेकीला साताऱ्याची गाडी होती, ती गेली. मी थांबलो. संध्याकाळी सीडी उतरवताना मालकाचा गुडघा टेबलाला लागला आणि ती नासली. दुसरी उतरवताना आम्ही दोघं भिंतीला टेकून श्वास धरून उभे होतो. ती निघाली. नासलेलीही मी मागून घेतली. परसात घेवड्यावर चिमण्या येतात, तिथं दोऱ्याला टांगली. उन्हात चमकते. चिमण्या दोन दिवस घाबरल्या.

वर्षश्राद्धाला जावयानं मशीन आणलं आणि घरातल्या जुन्या टीव्हीला जोडलं. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी सीडी बघितली. ती जागा आली आणि कुणी हसलं नाही. तिची थोरली बहीण तेवढी म्हणाली, "केवढी दमली असंल गं हाताला." मग मावसभावानं विचारलं, "मेजर, माझी टोपी कुठं गेली?" मी म्हटलं, बुरशी लागली तिला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

जाताना लेकीनं मशीन माझ्यासाठी मागं ठेवलं. रिमोट हातात देऊन शिकवलं, "ह्यानं पुढं पळतं. ह्यानं चित्र थांबतं. आई आली की हे दाबा, म्हंजे ती थांबल." मी मान हलवली. ते बटण मला लागत नाही. ती आपली आपण थांबते.

पुढं पळवायचं बटणही मी वापरत नाही. तिसऱ्या प्रहरी दार लोटून घेतो आणि पहिल्यापासून लावतो. सनई, वरात, आणि मग सासरकडच्या माणसांची नावं एकामागून एक पुकारली जातात. घर भरून जातं. त्यातली निम्मी माणसं मला ओळखूही येत नाहीत, पण मी त्यांच्यासाठी बसतो. तिच्यापर्यंत जायचं तर वाट त्यांच्यातूनच आहे. मग ती येते. उभी राहते. विचारते. मी सांगतो, झालं. ती वळते, आणि बूट मांडवाकडं पळत जातात. चकाकणारे, टाचेला नवी नाल ठोकलेले. नंतर निळा पडदा.

शेजारची सून एकदा भिंतीपलीकडून म्हणाली, "आबा, पावणं आल्यात वाटतं? लय गलका चाललाय."

"आल्यात," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती वाटीत काहीतरी झाकून घेऊन दाराशी आली. पाहुण्यांना म्हणून आणलं असावं. आत डोकावली. निळा पडदा, आणि मी.

"गेलं व्हय?"

"आत्ताच गेलं," मी म्हणालो, आणि वाटी घेतली.